जरदोजी कोणाची, हा प्रश्नच चुकीचा आहे : गोवंडीहून एक धागा

१/ गेल्या आठवड्यात इथे पुन्हा तोच वाद पेटला. कुणीतरी एका नववधूच्या भरजरी शेल्याचे छायाचित्र लावले आणि तासाभरात दोन छावण्या उभ्या राहिल्या. एका छावणीचे म्हणणे, जरदोजी मोगलांनी आणली. दुसरीचे म्हणणे, सुवर्णवस्त्रांचे उल्लेख थेट वेदांत आहेत, मोगलांना कसले श्रेय देता? दोन्हीकडून ग्रंथांची नावे फेकली गेली, दोन्हीकडून एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार झाला. तो शेला मुळात भरला कुठे, एवढे मात्र एकाही विद्वानाने विचारले नाही. मी विचारले. छायाचित्र लावणाऱ्या ताईंनी दुकानदाराला विचारून उत्तर दिले : गोवंडी, शिवाजीनगर. त्यानंतर वादात शांतता पसरली. ही शांतता मला वादापेक्षा अधिक बोचली, म्हणून हा धागा. लांब आहे; सवडीने वाचा.

२/ आधी कारागिरी समजून घेऊ. लाकडाच्या दोन लांब दांड्यांमध्ये कापड ढोलासारखे ताणून बांधतात. त्या चौकटीला कारचोब म्हणतात; आपल्याकडे कारखान्यात तिला सरळ 'अड्डा' म्हणतात. कारागीर तिच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर मांडी घालून बसतात. नक्षी आधी पातळ कागदावर काढतात, तिच्या रेषेवर सुईने बारीक छिद्रे पाडतात. हा झाला 'खाका'. खाका कापडावर ठेवून त्यावरून रॉकेलात कालवलेली पूड बोळ्याने फिरवली की ठिपक्यांची नक्षी कापडावर उतरते. मग आरी. टोकाला आकडी असलेली ही सुई उजव्या हाताने वरून खाली जाते, आणि कापडाखाली न दिसणारा डावा हात तिच्या आकडीत दोरा अडकवतो. सलमा, दबका, कोरा, नक्शी, सितारा ही तारांची व टिकल्यांची कुळे. ती सुईने एकेक करून टाकायची. डावा हात आयुष्यभर अंधारात काम करतो. एका कारागिराने मला सांगितले होते की नवख्याला वर्षभर फक्त तो हातच शिकवावा लागतो.

३/ आता माझे म्हणणे उघडपणे मांडतो. उपखंडातील वस्त्रपरंपरा एखाद्या गावाच्या मातीतून उगवतात, त्या गावी नांदतात आणि तिथेच 'लोप पावतात', ही आपली शालेय समजूत साफ खोटी आहे. त्या हाकलल्या जातात, पळतात, दुसऱ्याच्या दारात उभ्या राहतात, तिथल्या गिऱ्हाइकाची आवड शिकतात, आणि काही पिढ्यांनी त्या नव्या गावाचे नाव धारण करतात. 'जरदोजी कोणाची?' असे विचारणारा हा सारा प्रवास झाकून टाकतो. आणि ज्यांचा प्रवास अजून संपलेला नाही, त्यांना 'परके' ठरवतो.

४/ घरापासून सुरुवात करू, कारण उदाहरण परक्याचे दिले की टाळ्या पडतात आणि घरचे दिले की भुवया उंचावतात. पैठणी. आज तिचे सर्वांत मोठे ठाणे पैठण आहे का? नाही, येवले आहे. सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी येवल्याची पेठ वसवली, बाहेरून विणकर व व्यापारी आणून बसवले, आणि तिथे रेशमाचा धंदा उभा राहिला. येवल्यातले विणकर 'मूळचे येवल्याचे' नव्हते. त्यांना कुणीतरी जागा दिली, सवलत दिली, म्हणून ते येवल्याचे झाले. ज्या जरीपटक्यावर आपण इतके प्रेम करतो, त्याच्या नावातला 'जर' हा शब्दसुद्धा फारसी आहे. तो आपला नाही असे कुणी म्हणून दाखवावे.

५/ मालेगावचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. १८५७ चा उठाव चिरडला गेल्यावर आणि पुढच्या दशकांतील दुष्काळांत अवध, आझमगड, मऊ, बनारस या पट्ट्यातले मोमीन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले. त्यांच्यामागे कंपनी सरकारचा सूड होता आणि लँकेशायरचे स्वस्त कापड होते. ते बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी या वाटेवर टप्प्याटप्प्याने थांबले. काही थेट मुंबईत मदनपुऱ्यात आले. बनारसच्या विणकरांच्या वस्तीचे नावही मदनपुरा, हे जाता जाता लक्षात ठेवा.

६/ या मंडळींनी मालेगावात काय विणले? लुगडी. नऊवारी. काठाची, रंगीत, शेतात राबणाऱ्या बाईच्या अंगावर टिकतील अशी. म्हणजे खानदेशातल्या आणि देशावरच्या कुणबी-माळी स्त्रीने ज्या वस्त्राला 'आपला मराठमोळा पेहराव' म्हटले, त्यातले बरेचसे परागंदा झालेल्या पुरबी जुलाह्यांच्या मागावरून आलेले होते. विणकराला नऊवारीची लांबी, काठाची रुंदी, पदराची ठेवण ठाऊक नव्हती. ती त्याने आपल्या आज्यांकडून शिकून घेतली. याला 'आक्रमण' म्हणणार की 'समन्वय'? दोन्ही शब्द मला फसवे वाटतात. तो पोटासाठी शिकला. आज्यांना चांगले लुगडे मिळाले. एवढेच घडले, आणि ते पुरेसे मोठे आहे.

७/ सोलापूरही असेच. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर नसते तर 'सोलापुरी चादर' हे नाव तुम्ही ऐकलेही नसते. पुढे जाऊ.

८/ जरदोजीची मुख्य घसरण सुरू होते १८५६ मध्ये. कंपनीने अवध खालसा केले. वाजिद अली शाह कोलकात्याजवळ मटियाबुर्जला जाऊन राहिले आणि त्यांच्यामागून आचारी, गवई, शिंपी, कारागीर असा सारा लवाजमा गेला. दरबार विस्थापित झाला की दरबारावर जगणारी सुईही विस्थापित होते. मटियाबुर्ज आज तयार कपड्यांची देशातली मोठी बाजारपेठ आहे, हा योगायोग नाही. लखनऊत जे उरले ते सराफा आणि बाजाराच्या आश्रयाने जगले. पुढे संस्थाने विलीन झाली, जमीनदारी गेली, आणि हत्तीच्या झुली, मसनदी, दरबारी अंगरखे मागणारा उरलासुरला वर्गही संपला.

९/ आणि मग १९४७. फाळणीचा इतिहास आपण पंजाबच्या रेल्वेगाड्यांत वाचतो; तो मागावरही वाचता येतो. बनारसचे काही विणकर कराचीला गेले. तिथे ओरंगीत 'बनारस कॉलनी' नावाची वस्तीच आहे. काही ढाक्याला गेले. मीरपूरची बनारसी पल्ली त्यांची. उलट दिशेने टांगाईलचे बसाक विणकर नदिया जिल्ह्यात फुलियाला आले. सिंधमधून उखडलेले हिंदू कल्याणच्या लष्करी छावणीत आले, तिचे उल्हासनगर झाले. आणि त्यांतलेच काही चेंबूर कॅम्पात आले. गोवंडी स्थानकावरून चेंबूर कॅम्प चालत गाठता येतो. म्हणजे फाळणीची एक टोकाची गाठ आपल्या हार्बर मार्गावरच पडली आहे, आणि आपण तिच्या शोधात अटारीला जातो.

१०/ टांगाईलचे पुढे काय झाले, ते या धाग्याच्या दृष्टीने फार बोलके आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारतात 'बंगालची टांगाईल साडी' म्हणून भौगोलिक मानांकनाची नोंद झाली. बांगलादेशात संताप उसळला, कारण टांगाईल हा जिल्हा त्यांच्या देशात आहे; त्यांनी फेब्रुवारीत घाईघाईने स्वतःची नोंद केली. दोन्ही सरकारे खरे बोलत होती आणि दोन्ही सरकारे खोटे बोलत होती. गाव तिकडे राहिले, विणकरांचा एक मोठा गट इकडे आला, दुसरा तिकडेच राहिला, आणि दोघेही तीच साडी विणत होते. सीमारेषा आखणाऱ्याने माग मोजले नव्हते.

११/ ढाक्यातच अजून एक गोष्ट घडली. फाळणीनंतर बिहार-उत्तर प्रदेशातून गेलेले उर्दूभाषक १९७१ च्या युद्धानंतर कुणाचेच राहिले नाहीत. पाकिस्तानने नेले नाही, नव्या देशाने नाकारले. मोहम्मदपूरच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांतील कोंदट खोल्यांत त्यांनी काय केले? अड्डे मांडले. जरीकाम, कारचुपी, बनारसी. २००८ साली तिथल्या उच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न बराचसा सुटला, पण खोल्या त्याच राहिल्या. ज्याला राष्ट्र नाही, जमीन नाही, दुकान नाही, त्याला पाठीवर बांधून नेता येईल असे एकच भांडवल असते : हात. म्हणून विस्थापितांच्या वस्तीत भरतकाम सापडते. हे मुंबईलाही लागू आहे.

१२/ आता गोवंडी. हे शहराने आपल्या नको असलेल्या गोष्टी नेऊन टाकण्याचे ठिकाण आहे, आणि हे मी रागाने नव्हे, तारखांनी सांगतो. देवनारची कचराभूमी १९२७ ची. कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला आला १९७१ मध्ये. सत्तरच्या दशकात शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या झोपडीवासीयांसाठी शिवाजीनगर-बैंगनवाडीचे भूखंड आखले गेले. मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीलगतची जनता कॉलनी पाडून सुमारे सत्तर हजार माणसे शेजारच्या ट्रॉम्ब्याला चीता कॅम्पच्या पाणथळीत नेऊन टाकली. २००९ च्या मुंबई मानवविकास अहवालात शहराच्या चोवीस प्रभागांत हा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाला होता. त्यात आश्चर्य कसले?

१३/ डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत देवनार-गोवंडी भाजून निघाले. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात देवनार पोलीस ठाण्याच्या हद्दीवर स्वतंत्र प्रकरण आहे. इतिहासाची हौस असलेल्यांनी शंभर पानांचे अंदाज बांधण्यापेक्षा ते वाचावे. दंगलींनंतर शहराची फेरमांडणी झाली. मिश्र वस्त्यांतून मुसलमान कुटुंबे मुंब्रा, गोवंडी, जोगेश्वरी अशा 'आपल्या' वस्त्यांकडे सरकली. मदनपुऱ्यासारख्या जुन्या ठिकाणी जागेचे भाव चढत गेले तसे अड्डेही उपनगराकडे आले. म्हणजे राजकीय दुफळी आणि जमिनीचा भाव या दोन हातांनी मिळून ही वस्ती घडवली. कारचोबीला दोन दांड्या लागतात, तशा.

१४/ अड्ड्यावर बसलेली मुले कुठली? लखनऊची? फारच थोडी. मोठी संख्या उत्तर बिहारमधली, पुराने दर काही वर्षांनी धुऊन निघणाऱ्या जिल्ह्यांतली. काही उत्तर प्रदेशातली, काही पश्चिम बंगालमधली. यांतल्या अनेकांच्या गावी जरदोजीची कसलीही परंपरा नव्हती. आजोबा शेतमजूर होते. त्यांनी हे काम मुंबईत, इथे, दहा बाय पंधराच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली शिकले. तेव्हा, हे नीट ऐका, आज देशात लग्नाच्या घागऱ्यावर जी जरदोजी चालते तिचा मोठा भाग मुंबईच्या वस्त्यांत घडलेल्या कारागिरांचा आहे. ती लखनऊची परंपरा मुंबईत 'आली' असे म्हणणे अर्धसत्य आहे. ती इथे पुन्हा जन्मली, वेगळ्या माणसांच्या हाती, चित्रपटसृष्टीच्या आणि लग्नबाजाराच्या मागणीने.

१५/ यावर शहाण्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो : 'पण दर्जा घसरला ना!' हो, जर बदलली. पूर्वी चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. मग तांब्याच्या तारेवर चांदीचे पाणी, जिला बाजारात 'टेस्टेड' म्हणतात. आता बरीचशी प्लास्टिकची. पण हा निर्णय कारागिराचा नाही. तो घागऱ्याला किती पैसे मोजायचे हे ठरवणाऱ्याचा आहे. मी एका कारखान्यात असली तार आणि प्लास्टिकची तार एकाच माणसाच्या हातात पाहिली आहे. टाका तोच होता. संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या अंगरख्याशी गोवंडीच्या नगाची तुलना करणे म्हणजे राजवाड्याच्या मुदपाकखान्याशी खानावळीची तुलना करून आचाऱ्याला शिव्या घालणे.

१६/ दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो मी टाळणार नाही. बालमजुरी. जरीकामाचा समावेश बालकामगार कायद्याच्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे, आणि तो असायलाच हवा. २००५ मध्ये गोवंडीतील एका जरी कारखान्यात राबणाऱ्या मुलाच्या मृत्यूनंतर गोवंडी, मदनपुरा आणि इतरत्र धाडी पडल्या. शेकडो मुले सोडवली गेली, रेल्वेने बिहारला परत पाठवली गेली. त्या कारखान्यांत जे चालत होते त्याला 'गुरुशिष्यपरंपरा' म्हणणारा माझ्या लेखी निर्लज्ज आहे. वारशाच्या नावाखाली दहा वर्षांच्या मुलाचे डोळे खर्ची घालण्याचा हक्क कोणत्याही संस्कृतीला नाही.

१७/ पण पुढचा प्रश्नही विचारा. धाडीनंतर कारखान्याला टाळे लागले. ज्या साखळीने ते काम स्वस्तात मागितले, तिच्या वरच्या कड्यांना काय झाले? व्यापारी, निर्यातदार, नामांकित दुकान, त्यापलीकडचा परदेशी ब्रँड, यांपैकी कुणाच्या दाराला कधी टाळे लागलेले ऐकले? २०१६ मध्ये काही युरोपीय ऐषारामी ब्रँडांनी मुंबईच्या भरतकाम कारखान्यांसाठी 'उत्थान' नावाचा करार केला. त्यानंतर चार वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने छापलेल्या वृत्तान्तात उपकंत्राटी खोल्यांची अवस्था फारशी सुधारलेली नव्हती. मूल अड्ड्यावरून उठवणे आवश्यक होते. त्याच्या बापाला त्याच अड्ड्यावर पुरेशी मजुरी देणेही आवश्यक होते. पहिले छायाचित्रात दिसते, दुसरे दिसत नाही.

१८/ ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियाला पाठीशी घेऊन दिऑरने आपला वस्त्रसंग्रह सादर केला. मुंबईच्याच चाणक्य संस्थेच्या कारागिरांनी भरलेले भव्य तोरण तिथे होते. संस्थेचे नाव घेतले गेले, श्रेय दिले गेले; ते उत्तमच झाले, आधी तेवढेही होत नसे. पण त्या रात्री समाजमाध्यमांवर 'भारतीय कला जगाने ओळखली' म्हणून ज्यांनी दिवे लावले, त्यांतल्या कितींना हार्बर मार्गावरून गोवंडीला उतरावेसे वाटले? गेटवेपासून अंतर फार नाही. तासाभराचा प्रवास.

१९/ आता कायद्याकडे वळू, कारण माझा मुख्य रोष तिथे आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. अमलात आला २००३ मध्ये. हेतू चांगला : नक्कल थांबावी, गावाच्या नावाचा लाभ गावालाच मिळावा. लखनऊ जरदोजीला २०१३ मध्ये मानांकन मिळाले, क्षेत्र ठरले लखनऊ आणि भोवतालचे जिल्हे. ठीक. पण मग लखनऊजवळच्या गावातून गोवंडीला आलेला, बापाकडून काम शिकलेला कारागीर इथे बसून तोच टाका घालतो, तेव्हा तो काय करतो? कायद्याच्या भाषेत 'लखनऊ जरदोजी' करीत नाही. हद्दीबाहेर गेल्याबरोबर त्याच्या हातातली परंपरा नाहीशी झाली. ही अजब जादू आहे.

२०/ आणि पैठणीला मानांकन मिळाले तेव्हा? २०१० च्या त्या नोंदीत पैठणबरोबर येवलेही आहे. म्हणजे विस्थापन तीनशे-साडेतीनशे वर्षे जुने असेल तर कायदा त्याला परंपरा मानतो. चाळीस वर्षे जुने असेल तर घुसखोरी. मग येवल्याच्या पहिल्या पिढीला जर कुणी 'तुम्ही पैठणचे नाही' म्हणून मानांकन नाकारले असते, तर आज तुमच्या कपाटात काय असते? मी मानांकने रद्द करा म्हणत नाही. मी म्हणतो, मातीबरोबर हातांची नोंद करा. वस्ती, पिढी, कोणाकडून शिकला, कुठून आला. हे लिहिणे कठीण नाही. त्यासाठी कारागिराला कागदोपत्री माणूस मानावे लागेल, तेवढे कठीण आहे.

२१/ 'कागदोपत्री' हा शब्द मी सहज वापरलेला नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार ढकलण्यात आले; ते भारतीय निघाले, परत आणावे लागले. त्यानंतर बंगाली बोलणारा कारागीर अड्ड्यावर कसा बसत असेल, कल्पना करा. एक जण मला म्हणाला, फोनवर आईशी बोलायचे तर आता तो खोलीच्या आत जाऊन बोलतो. १९७१ मध्ये ढाक्यातल्या उर्दूभाषकाची जीभ त्याचा गुन्हा ठरली होती. आपण पन्नास वर्षांनी तोच धडा उलट दिशेने गिरवतो आहोत, आणि वर संध्याकाळी 'बंगालचा वारसा' म्हणून जामदानीची छायाचित्रे लावतो आहोत.

२२/ शहर अजून थांबलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीत अड्डे गुंडाळून माणसे गावी गेली. सगळी परतली नाहीत, आणि त्यांच्या जागी अनेक ठिकाणी संगणकावर चालणारी भरतकामाची यंत्रे आली. २०२४ मध्ये राज्य सरकारने धारावीच्या पुनर्विकासातल्या 'अपात्र' रहिवाशांच्या घरांसाठी देवनार कचराभूमीची १२४ एकर जमीन देण्याचे ठरवले. धारावीतही जरीचे, शिलाईचे, चामड्याचे कारखाने आहेत. म्हणजे आणखी काही हात उचलून पुन्हा त्याच कचऱ्याच्या डोंगराशी आणले जातील. आणि पन्नास वर्षांनी तुमच्यासारखाच कुणी हौशी तरुण 'देवनारची पारंपरिक भरतकला' या विषयावर धागा लिहील.

२३/ मित्रहो, तुम्ही गडकोटांवर जाता, शिलालेखांचे ठसे घेता, मोडी शिकता. तुमच्या या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. एक रविवार इकडे द्या. शिवाजीनगरच्या एका कारखान्यात भिंतीला टेकवून जुन्या खाक्यांची गुंडाळी ठेवलेली आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या नक्षी, कडा, बुट्ट्या, कोयऱ्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने गिऱ्हाइकाचे किंवा कारागिराचे नाव. काही मदनपुऱ्याहून सोबत आणलेल्या. रॉकेलाने कागद पिवळा पडला आहे, घड्यांवर फाटतो आहे. मालकचाचांची भाड्याची मुदत मार्चमध्ये संपते. नवी खोली लहान आहे, आणि ते म्हणाले, एवढे कागद कुठे नेऊ, बेटा? मी फोनवर सत्तेचाळीस छायाचित्रे काढून आलो आहे. उरलेल्या गुंडाळीसाठी मोठा स्कॅनर आणि दोन माणसे हवीत. ज्यांना जमेल त्यांनी संदेश पाठवा.